काम झाल्याशिवाय नवगिरे लॉज सोडू नये

जगातल्या कुठल्याही लॉजमध्ये माणूस काउंटरवर येतो आणि विचारतो, "खोली आहे का?" आमच्या कसब्यातल्या नवगिरे लॉजमध्येही तो हेच विचारतो. फरक एवढाच, की तिथे त्याला उत्तर मिळत नाही. काउंटरमागे बसलेले बापू नवगिरे चष्मा कपाळावर चढवतात, आधी त्याच्या चपलांकडे, मग बॅगेकडे आणि सगळ्यात शेवटी तोंडाकडे बघतात आणि म्हणतात, "काम काय?"

हा प्रश्न वहीसाठी नसतो. वहीत तसा रकाना असतो, पण तिथे बापू सगळ्यांच्या नावापुढे 'कामानिमित्त' असं लिहून मोकळे होतात. ते पोलिसांपुरतं. प्रश्न असतो तो बापूंपुरता. "खाजगी आहे," असं म्हणणाऱ्याला खोली मिळत नाही. "सहज फिरायला आलोय," म्हणणाऱ्याला तर नाहीच नाही. "मग फिरा की! खोलीत बसून काय फिरणार?" असं म्हणून बापू पेपर उघडतात. आणि पेपर उघडला की समोर पंतप्रधान उभे असले तरी त्यांना दिसत नाहीत.

खरं काम सांगणाऱ्यालाही सुटका नसते. बारामतीकडचे एक गृहस्थ कोर्टाच्या तारखेला आले होते.

"कसलं कोर्ट?"

"जमिनीचं."

"कुणाशी?"

"सख्ख्या भावाशी."

"चूक कुणाची?"

गृहस्थ बॅग खाली ठेवून बोलायला लागले ते दीड तास बोलत होते. बापूंनी मधे दोनदा चहा मागवला, एकदा नकाशा काढायला लावला आणि शेवटी म्हणाले, "विहीर त्याची, बांध तुमचा. उद्या पहिल्या गाडीने घरी जा आणि भावाला सांगा." गृहस्थ गेले. भाऊ भाऊ एक झाले. त्यांच्या वकिलाचा बापूंवर अजून राग आहे म्हणतात.

मी लॉजच्या समोरच पहिल्या मजल्यावर राहतो. माझ्या खिडकीतून बापूंचं काउंटर सरळ दिसतं, त्यामुळे यातलं निम्मं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. उरलेलं निम्मं मी रचलेलं आहे असं आमच्या हिचं म्हणणं आहे. पण तिचं माहेर कोथरूडचं, तिला कसब्यातलं काय कळणार? मी टेलिफोन खात्यात होतो. म्हणून बापू मला आजतागायत 'टेलिफोन' म्हणतात. "काय टेलिफोन, आज बंद का?" म्हणजे आज तुमचा चेहरा का उतरलाय.

तर पहिला नियम काम सांगण्याचा. दुसरा नियम त्याहून कडक. काम झाल्याशिवाय खोली सोडायची नाही.

सांगलीचे एक गृहस्थ पाण्याचे पंप विकायला आले होते. नमुना म्हणून एक भला थोरला पंप बरोबर. तीन दिवस पुणं पालथं घातलं, पंप काही खपेना. चौथ्या दिवशी बॅग घेऊन काउंटरवर आले.

"काम झालं?"

"नाही हो बापू. नशीबच नाही."

"मग निघालात कुठं?"

गृहस्थ परत वर गेले. असे सतरा दिवस. सतराव्या दिवशी बापूंनी स्वतः जाऊन आमच्या गल्लीतल्या गणपती मंडळाच्या गळ्यात तो पंप मारला. नळाला जेमतेम करंगळीएवढी धार येणाऱ्या गल्लीला पंपाचं काय काम? पण बापूंनी मंडळाला पटवलं, की यंदा देखावा गंगावतरणाचा करा. केला. पहिल्याच दिवशी शंकराच्या जटेतून जी गंगा उतरली, ती थांबेचना. बंद करायचं बटण कुणाला सापडेना. गंगा मांडवातून गल्लीत, गल्लीतून शिंप्याच्या दुकानात आणि तिथून दोन झंपर आणि एक लेंगा घेऊन थेट तांबट आळीपर्यंत गेली. भगीरथाची भूमिका करणारा पोरगा खुर्चीवर उभा राहून "बास! बास!" असा ओरडत होता, आणि लोकांना तो देखाव्याचाच भाग वाटून टाळ्या पडत होत्या. सांगलीकर मात्र त्या दिवशी हसतमुखाने घरी गेले. काम झालं होतं.

हे घराणंच असं. बापूंच्या आजोबांनी सासवडहून येऊन इथे खाणावळ घातली, तेव्हा त्यांचा एकच नियम होता. ताटावर बसलेल्या माणसाने 'पुरे' हा शब्द उच्चारायचा नाही. भाकरी वाढणारा थांबेल तेव्हा जेवण संपलं. साताऱ्याकडच्या एका पैलवानाने म्हणे आजोबांना आव्हान दिलं, की वाढून दाखवाच. सकाळी दहाला बसलेला तो गडी दिवेलागणीला उठला, तो चौघांच्या खांद्यावरून. पुढे त्याने कुस्ती सोडली आणि भजनी मंडळ काढलं.

बापूंच्या वडिलांनी खाणावळीवर मजला चढवला आणि अकरा खोल्या काढल्या. त्यांचा नियम आरशाचा. आरशापुढे माणसाचा वेळ जातो आणि कामं राहतात, असं त्यांचं मत. म्हणून एकाही खोलीत आरसा नाही. सगळ्या लॉजला मिळून एकच आरसा, तोही व्हरांड्यात. सकाळी त्यापुढे दाढीला रांग लागायची. गालाला साबण लावलेली दहा माणसं एकामागे एक उभी, कुणी मुलगी पाहायला आलेला, कुणी मुलगी दाखवायला आलेला. त्या रांगेत आजवर तीन लग्नं जुळली आहेत. चौथंही जुळत होतं, पण वरपित्याने वधूपित्याचा नंबर मोडला.

म्हणजे आजोबांनी पोट सांभाळलं, वडिलांनी वेळ सांभाळला आणि बापूंनी लोकांची कामं अंगावर घेतली. बापू एकटेच. मूलबाळ नाही. मी या गल्लीत राहायला आलो, त्याच्या आधीच त्यांची बायको गेलेली. लॉजच्या स्वयंपाकाला लोणी काळभोरहून रोज पहिल्या बसने हौसाबाई यायच्या. त्यांच्या हातचं पिठलं खाऊन परत गेलेला माणूस खोटं बोलू शकत नाही असा बापूंचा दावा होता. बापूंना ऐकवण्याची हिंमत अख्ख्या पेठेत त्यांना एकट्यांना. "तुमाला दुसऱ्याच्या कामाची लई हौस हाय," असं त्या स्वयंपाकघरातूनच ओरडून सांगायच्या. "लॉज काडण्यापरीस कचेरी काडायची हुती!"

मग देशात उदारीकरण आलं. आमच्या गल्लीत ते बापूंच्या काउंटरवरूनच आलं. पूर्वी बॅगा यायच्या, आता फायली यायला लागल्या. लातूर, परभणी, बुलढाणा, जळगाव. प्रत्येक बसमधून एक पोरगा उतरायचा, छातीशी प्लॅस्टिकची फाइल धरलेला.

"काम काय?"

"कंपनीत इंटरव्ह्यू आहे."

"कसली कंपनी?"

"सॉफ्टवेअर."

"ते काय असतं?"

आता हे काय असतं ते त्या पोरालाही नीट माहीत नसायचं. पण बापूंना सांगता सांगता त्याला कळायचं. असे वीस-पंचवीस जण सांगून गेल्यावर बापूंनाच इतकं कळायला लागलं, की ते काउंटरवर पोरांच्या मुलाखती घ्यायला लागले. चष्मा कपाळावर, हातात पंचांग, आणि समोर टाय लावून घाम पुसणारा इंजिनिअर. "टेल मी अबाउट युवरसेल्फ," बापू दरडावायचे. पोरगा पुटपुटायला लागला, की म्हणायचे, "मोठ्यानं! ही तांबट आळी शेजारी आहे. त्या ठोक्यांच्या वर आवाज गेला पाहिजे." एवढ्या ठोक्यांच्या वर आवाज काढलेला पोरगा एसी खोलीत कुणाला ऐकतोय? नापास झालेल्यांना बापू अर्थातच सोडायचे नाहीत. ते परत परत मुलाखती देत राहायचे. माझ्या अंदाजाने आज अमेरिकेतल्या प्रत्येक मोठ्या कंपनीत एक तरी माणूस असा आहे, जो 'सर' म्हणताना दचकून मागे बघतो, बापू आहेत का म्हणून.

पण ज्या लाटेने लॉज भरलं, तिनेच ते रिकामं केलं. कंपन्या सगळ्या गावाबाहेर गेल्या. खराडीला काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. पोरं तिकडेच उतरायला लागली, तिकडेच राहायला लागली. मुली पाहणं फोटोवर आलं, वस्तू विकणं फोनवर आलं. बापूंच्या काउंटरवर माणूस दिसेना. मग ते पोस्टमनला विचारायला लागले, "काम काय?" तो बिचारा म्हणायचा, "बापू, पत्र द्यायला आलोय."

अशात एके रविवारी कोथरूडहून बापूंचा धाकटा भाऊ वसंता आला. लॉज दोघांच्या नावावर. वसंता वाईट माणूस नाही, पण निवृत्त झाल्यापासून त्याला सगळं निवृत्त करायचं होतं.

"बापू, बिल्डर मागं लागलाय. चांगली जागा देईल. तुम्हालाही फ्लॅट."

"फ्लॅटमध्ये कोण येतं?"

"कुणी येत नाही. तेच तर सुख असतं."

बापूंनी पेपर उघडला. शेवटी असं ठरलं, की दिवाळीपर्यंत थांबायचं. खोल्या भरल्या तर लॉज राहील. नाही भरल्या, तर पाडव्याला बिल्डरच्या कागदांवर सह्या. बापूंनी मान हलवली. त्या रात्री ते नीट जेवले नाहीत, हे मला दुसऱ्या दिवशी हौसाबाईंनी सांगितलं.

तोड काढली ती वसंताच्याच मुलाने, मंदारने. मंदार खराडीतल्या एका कंपनीत होता आणि त्याचा बापापेक्षा बापूंवर जीव. त्याच्या कंपनीत चाळीस नवी मुलं येणार होती, सगळी लहान गावांतली. त्यांना वर्षभर ठेवायला जागा हवी होती. एका खोलीत चार-चार जण टाकले, तर नवगिरे लॉज वर्षभर गच्च. मंदारने शब्द टाकला. कंपनीच्या वाघमारे मॅडम जागा बघायला येणार असं ठरलं.

आठ दिवस लॉज रंगवलं जात होतं. नवीन गाद्या आल्या. बापूंनी छातीवर दगड ठेवून प्रत्येक खोलीत आरसा लावू दिला. त्या दिवशी ते अकरा खोल्यांत अकरा वेळा स्वतःच्या तोंडासमोर आले आणि बाहेर येऊन म्हणाले, "टेलिफोन, मी म्हातारा झालो की काय हो?"

मंदारने जाताना बापूंचे दोन्ही हात धरले. "बापूकाका, एकच करा. त्यांना 'काम काय' विचारू नका. त्यांना आवडणार नाही. फक्त खोल्या दाखवा. शपथ घ्या."

"घेतली."

"कुणाची?"

"हौसाबाईंच्या पिठल्याची." याहून मोठी शपथ त्या इमारतीत नव्हती.

वाघमारे मॅडम आल्या. मला वाटलं होतं कुणी जाडजूड बाई असतील. ही तर सत्तावीस वर्षांची मुलगी. प्रज्ञा वाघमारे. खांद्याला पर्स, हातात वही, तोंडावर हसू आणि हसण्याच्या मागे झोप न झालेले डोळे. मी अर्थातच खिडकी सोडून खाली आलो होतो. मंदार तर नवरीच्या भावासारखा पुढे मागे करत होता.

बापूंनी खोल्या दाखवल्या. एक शब्द न बोलता. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. बापू गप्प आहेत हे दृश्य मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. त्यांच्या मानेची शीर फुगली होती. पाचव्या खोलीत कान लाल झाले. आठव्या खोलीत ते भिंतीला टेकले. बाईंनी विचारलं, "काका, बरं वाटत नाहीये का?" हौसाबाई जिन्यातून म्हणाल्या, "त्येंच्या पोटात प्रश्न अडकलाय. काडू द्या, न्हाईतर माणूस जाईल!"

अकराव्या खोलीत बांध फुटला.

"काम काय?" बापू म्हणाले.

मंदारने डोळे मिटले.

"खोल्या बघायला आलेय ना मी," बाई म्हणाल्या.

"ते दिसतंय. काम काय?"

बाईंनी वही मिटली. थोडा वेळ खिडकीबाहेर बघितलं. मग तिथल्या नव्या गादीवर बसल्या आणि म्हणाल्या, "काका, खरं सांगू? मागच्या वेळी मुलं आली होती, त्यातली नऊ जणं एका महिन्याच्या आत पळून गेली. परत गावी. फोनवर रडायची. आई-वडिलांनी जमिनी गहाण टाकून शिकवलेली मुलं, आणि रेल्वे स्टेशनवरून मला मेसेज, मॅडम सॉरी. मी स्वतः नांदेडहून आलेली. मला माहितीये काय होतं ते. या वेळी एकही पळून जायला नको. गेलं तर माझीही नोकरी जाईल, पण ते नंतरचं. मुलं टिकायला हवीत. हे काम."

"ड्यूटी किती वाजता?"

"साडेसात."

बापूंनी मंदारकडे पाहिलं. मंदार मान हलवून हलवून खुणा करत होता, नको, नको, नको.

"बाई," बापू म्हणाले, "त्यांना इथं ठेवू नका."

"बापूकाका!"

"थांब रे. इथून खराडी सकाळच्या गर्दीत सव्वा तास. साडेसातला पोचायचं म्हणजे पाचला उठायचं. अकरा संडास-मोऱ्या, चाळीस पोरं. जाऊन येऊनच अर्धमेली होतील. आठव्या दिवशी पहिलं पळेल आणि पंधराव्या दिवशी मी स्वतः स्टेशनवर सोडायला जाईन. त्यांना तिथंच ठेवा, चालत जाता येईल असं. आणि खालती स्वयंपाकघर पाहिजे. घरचं पिठलं-भाकरी मिळाली की पोरगं पळत नाही."

"पण अशी जागा तिथं मिळत नाही हो काका. मी महिनाभर शोधतेय."

"मग निघू या," असं म्हणत बापूंनी टोपी घातली. "काम झालं नाहीये अजून."

पुढचे चार दिवस बापू खराडीत होते. तिथल्या ज्या शेतांवर इमारती आल्या, त्या शेतांचे मालक आता तीन तीन मजली घरं बांधून भाड्याला देतात. बापू एकेका मालकाच्या ओट्यावर जाऊन बसले. पहिल्याने कुत्रं सोडलं. दुसऱ्याने चहा पाजला. तिसरा म्हणाला, "आमच्यात ब्याचलर पोरं ठेवत न्हाईत." बापूंनी विचारलं, "तुमचं काम काय?" तो म्हणाला, "काय न्हाय. जमीन गेली, आता दिसभर बसून हाय." बापू म्हणाले, "चाळीस पोरं येतायत. सकाळी उठवायला, रागवायला, आजारी पडली तर डॉक्टरकडे न्यायला माणूस पाहिजे. तुम्हाला काम लागलं." तो गडी इतका खूष झाला, की त्याने तळमजल्यावरची स्वतःची बैठक मोकळी करून तिथे स्वयंपाकघर करू दिलं.

आणि त्या स्वयंपाकघरात कोण? हौसाबाई! "लोणीतनं मांजरीच्या पुलावरनं मला खराडी जवळ पडतंय," असं सांगून त्यांनी कसब्यातला तवा उचलला. "आन् हितं खातंय कोण? तुमी आन् त्यो टेलिफून!"

म्हणजे हिशेब बघा. बापूंनी चाळीस गिऱ्हाइकं घालवली, वर्षाचा करार घालवला आणि वर स्वयंपाकीणही घालवली. मंदार आठ दिवस तोंड दाखवेना. मी तर भडकलोच. मी म्हटलं, "बापू, एवढं तर महाभारतात धर्मराजानंही घालवलं नाही. तो निदान खेळत तरी होता!" बापू शांतपणे म्हणाले, "बाईंचं काम झालं."

दिवाळी जवळ आली. अकरा खोल्या, अकरा आरसे आणि त्यात बघायला कोणी नाही. बापू स्वतःच डाळ-भात लावायचे. मला बोलवायचे. मी जायचो, पण त्यांचा डाळ-भात खाल्ला, की बिल्डरच्या फ्लॅटचे फायदे मला दिसायला लागायचे. वसंताचा फोन येऊन गेला होता, पाडव्याला सकाळी येतो म्हणून. बापूंनी एका ट्रंकेत धोतरं घालून ठेवली होती. ती मी पाहिली आणि न पाहिल्यासारखं केलं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी दुपारी गल्लीच्या तोंडाशी एक रिक्षा थांबली. त्यातून एक काका, एक काकू आणि पत्र्याचे तीन डबे उतरले.

"नवगिरे लॉज हेच का?"

"काम काय?" बापूंचा आवाज घोगरा झाला होता.

"आमचा दिनेश खराडीला लागलाय. त्यांना दिवाळीची एकच दिवस सुट्टी. तो येऊ शकत नाही, म्हणून आम्हीच आलो. वाघमारे मॅडमनी सांगितलं, तिकडं मोठमोठी हॉटेलं आहेत, तिथं तुम्हाला करमायचं नाही. कसब्यात जा."

त्यांच्यामागे दुसरी रिक्षा. मग तिसरी. मग स्टेशनवरून एक टेम्पोच आला. संध्याकाळपर्यंत चाळीस पोरांचे आईबाप, दोन आज्या आणि एक थोरली आत्या, सगळे नवगिरे लॉजमध्ये. प्रत्येकाजवळ फराळाचे डबे. इतके डबे, की दुसऱ्या पेठांतले उंदीर त्या रात्री वाट विचारत आले असतील. अकरा खोल्या भरल्या, व्हरांडा भरला, माझ्या घरातली पुढची खोली भरली. बापूंनी एकेकाला काउंटरपुढे बसवून काम विचारलं. सगळ्यांचं काम एकच होतं, आणि तरी बापूंनी ते प्रत्येकाकडून वेगवेगळं, पहिल्यापासून ऐकून घेतलं.

पाडव्याला सकाळी वसंता आला. नवा झब्बा, खिशात बिल्डरचे कागद. दारातच त्याला नांदेडच्या एका बाईंनी अडवलं. "भाऊ, आंघोळीची रांग इकडंय. कुणाचे वडील तुम्ही?"

"मी... मंदारचा."

"कोणत्या बॅचचा?"

वसंता उत्तर शोधेपर्यंत त्याच्या हातात चकली आली होती. चकली संपेपर्यंत अनारसा आला. तेवढ्यात बापू आतून ओरडले, "वसंता, उभा काय राहिलायस? बंबातलं पाणी काढ! तीन नंबरच्या आजी थंडीत बसल्यात!" आणि पासष्ट वर्षांचा वसंता, झब्ब्याच्या बाह्या वर करून, बादल्या घेऊन जिना चढायला लागला. लहानपणी वडिलांच्या वेळी चढायचा तसाच, दोन दोन पायऱ्या. दुपारपर्यंत तो घामाने निथळला होता आणि जालन्याच्या एका शेतकऱ्याला आरशाच्या रांगेची गोष्ट सांगत होता, माझ्यापेक्षा वाढवून. निघताना त्याने खिसा चाचपला, कागद आत होते. म्हणाला, "बापू, बघू पुढच्या वर्षी."

ते पुढचं वर्ष येऊन गेलं. त्यानंतरची काही गेली. आता शनिवार-रविवारी तिथे खोली मिळत नाही. पोरांना भेटायला आईबाप येतात, पोरांची पोरं पाहायला आईबाप येतात. हौसाबाईंची धाकटी सून येऊन स्वयंपाक करते आणि बापूंना ऐकवायला शिकते आहे.

मला मात्र एक गोष्ट खुपत होती. त्या पहिल्या वर्षीच्या भाऊबीजेच्या दुपारी सगळी मंडळी पोरांना भेटायला खराडीला गेली होती आणि लॉज शांत होतं. बापू काउंटरवर करंजी खात बसले होते. मी विचारलं, "बापू, हे असं होईल, आईबाप येतील, हे तुम्हाला आधी कळलं होतं का?"

"छे हो."

"मग त्या दिवशी हातचं का घालवलंत? राहतं घर जायची वेळ आलेली. गप्प बसला असता तर काय झालं असतं?"

बापूंनी करंजीचा तुकडा मोडला. मग म्हणाले, "आमची ही, मालती, होती ना, तिला घेऊन मी मुंबईला गेलो होतो. परळला. हॉस्पिटलच्या समोरच लॉज होतं. बत्तीस दिवस राहिलो. आधी दोघं, मग ती तिकडे आणि मी इकडे. किल्ली देणारा माणूस भला होता हो. रोज विचारायचा, पाणी आलं का, पंखा चालतो का, चादर बदलू का. बत्तीस दिवसांत त्याने सगळं विचारलं, तेवढं एक सोडून."

करंजीचा तुकडा त्यांच्या हातातच राहिला.

"शेवटच्या दिवशी मी किल्ली द्यायला गेलो. तो म्हणाला, टॉवेल दोन दिले होते, एकच आहे. दुसरा तिच्याबरोबर गेला होता. मी जिना उतरलो, फुटपाथवर एक टॉवेल विकत घेतला, वर आणून दिला. त्याने घडी उलगडून पाहिली. म्हणाला, हा आमचा नाही, पण चालेल."

कुणाचीही गोष्ट हातात आली की तिला चार झालरी लावल्याशिवाय मी सोडत नाही. ही तेवढी जशी ऐकली तशी लिहिली आहे.

तेवढ्यात खराडीहून पहिलं जोडपं परत आलं, दिनेशचे आईवडील. डबे रिकामे. काकूंचे डोळे सुजलेले. बापूंनी करंजी खाली ठेवली, हात पुसले आणि काउंटरमागची स्वतःची खुर्ची उचलून पुढे आणून ठेवली.

"भेटला का?"

"भेटला," काकू म्हणाल्या. "बारीक झालाय."

"बसा," बापू म्हणाले. "सगळं सांगा."